दहावं वाक्य

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ उभे. पांढरा सदरा, पायजमा, एका हातात शेवग्याच्या शेंगांची पिशवी आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, छातीशी धरलेलं.

"मॅडम, वळाकलं न्हाई ना? मी देवळालीचा, काकासाहेब वाळुंज. ज्ञानूचा वडील."

माझ्या तरीही लक्षात येईना.

"ज्ञानेश्वरी वो. बारावीला तुमच्या क्लासला हुती."

मग मात्र आठवलं. सावेडीत राहायला येण्याआधी मी अकरा वर्षं देवळाली प्रवरात बारावीच्या इंग्रजीचा क्लास घेत होते. बाजारतळामागे भाड्याची एक खोली होती, वर पत्रा, उन्हाळ्यात तापायची. ज्ञानेश्वरी वाळुंज दुसऱ्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसायची. चार किलोमीटरवरच्या वस्तीवरून सायकलने यायची आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असायची. वहीत उजव्या कोपऱ्यात तारीख, तिच्याखाली पट्टीने ओढलेली रेघ. शंका विचारताना आधी उभी राहायची. तिला राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकायचं होतं. एकदा क्लास सुटल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता मला म्हणाली होती, "तिथे माती तपासतात, मॅडम. कुठल्या मातीला काय कमी आहे ते कळतं. आमच्या रानाची माती दादांनी कधीच तपासली नाही." ती वडिलांना दादा म्हणायची.

बारावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. पत्रिका आली होती. मी गेले होते, अक्षता टाकल्या होत्या, जेवून आले होते.

"या ना भाऊ, बसा," मी म्हटलं. "कशी आहे ज्ञानेश्वरी?"

"बरी हाय. तिकडं सुप्याजवळ दिलीय. जावई चांगला हाय, गायींचा मोठा गोठा हाय. एक पोरगी हाय तिला, ओवी. चार वर्साची झाली."

पाणी प्यायले, पण पाठ टेकवली नाही. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं. आत एक दोनशे पानी वही होती. कव्हर गेलेलं, कडा कुरतडलेल्या.

"घट बसायच्या आधी घर काढलं. माळ्यावरच्या पेटीत ही घावली. तिची हाय. मला वाचता येत न्हाई इंग्लिश, पर मी पानं चाळीत बसलो आन् हे दिसलं." त्यांनी एका पानात बसच्या तिकिटाची खूण घातली होती. ते पान उघडून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "हे दादा हाय ना? तिच्या जुन्या मोबाईलमधी माझा नंबर असाच लिवलेला हुता. म्हनून वळाकलं. माझं नाव लिवलंय तिनं. आन् हितं खाली तुमी लाल पेनानं गुड लिवलंय. एवढं कळतं मला, गुड म्हंजे चांगलं." त्यांचा चेहरा अगदी उजळला होता. "पोरगी माझ्याबद्दल चांगलं लिहिती आन् मला सात वर्सं पत्ता न्हाई. वाचून दावा मॅडम, काय लिवलंय?"

मी वही हातात घेतली. जानेवारीतली तारीख होती. वर मथळा, जर-तरच्या वाक्यांचा तिसरा प्रकार.

हा धडा मला आजही तोंडपाठ आहे. मी फळ्यावर तीन रकाने करायचे. अभ्यास केलास तर पास होशील. हे घडू शकतं. मला पंख असते तर उडाले असते. ही नुसती कल्पना. आणि तिसरं, बस वेळेवर आली असती तर माझा पेपर बुडाला नसता. हे होऊन गेलेलं असतं, त्यात आता काही बदलत नाही. मराठीत दोन्हीकडे 'असतं' येतं, इंग्रजीत आधी हॅड आणि मग वुड हॅव. मुलं नेमका तो पहिला हॅड विसरायची आणि बोर्डाच्या पेपरात गुण जायचे. म्हणून मी घरी दहा वाक्यं लिहायला सांगायचे. गाईडमधली चालणार नाहीत, स्वतःच्या मनातली लिहा, असं बजावून सांगायचे.

ज्ञानेश्वरीने दहा लिहिली होती. पहिली नऊ नेहमीसारखी, पाऊस, बस, क्रिकेटची मॅच, कांद्याचा भाव. दहावं वाक्य मी मनात वाचलं. इफ दादा हॅड आस्क्ड मी, आय वुड हॅव सेड नो. दादांनी मला विचारलं असतं, तर मी नाही म्हणाले असते.

त्यातला हॅड तिचा नव्हता. ती विसरली होती. दादा आणि आस्क्ड यांच्या मधे, वरच्या बाजूला, मी तो लाल शाईने लिहिला होता आणि खाली बाण काढून जागा दाखवली होती. शेजारी बरोबरची खूण. तळाशी गुड आणि माझी सही.

"नो म्हंजे न्हाई," काकासाहेब वहीत डोकावून म्हणाले. "ते बी ठाऊक हाय मला, नो पार्किंग लिवलेलं असतं. कशाला न्हाई म्हनती ती?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. देवळालीहून एसटीने नगरला आले होते, स्टँडवरून रिक्षाने सावेडीत, तीन ठिकाणी विचारत. खुशीत होते.

"ती म्हणते," मी म्हटलं, "दादांनी काही विचारलं, तर मला नाही म्हणता यायचं नाही."

किती सोपं होतं ते. एक 'असतं' काढून टाकलं, एक 'नाही' वाढवलं की झालं.

काकासाहेबांनी ओळीवरचं बोट उचललं. मग उपरण्याने डोळे पुसले, न लाजता. "मला वाटायचं, माझ्यावर राग हाय तिचा," ते म्हणाले. "लगीन झाल्यापासून दोन रातीच्या वर घरी राहिली न्हाई वो. दिवाळीला बोलावलं तर गायींचं करायला कोन हाय म्हनती. फोन केला तर आईसंगं बोलती, मला नुसतं, दादा, जेवलात का? बास. आन् हितं तर असं लिवलंय. म्हंजे मीच कधी नीट इचारलं न्हाई. आता जातो आन् सरळ इचारतो, दिवाळीला आठ दिस ये म्हनून."

मी चहा केला. शेंगांची पिशवी ओट्यावर रिकामी करून परत दिली. जिना उतरताना ते वरच्या पायरीवरून मागे वळून म्हणाले, "लई उपकार झालं, मॅडम."

चार दिवसांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी ज्ञानेश्वरी."

आवाज तोच होता, फक्त हळू. मागे गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"तुम्ही दादांना काय सांगितलं?"

मी जे सांगितलं होतं ते सांगितलं. ती हसली की काय, मला कळलं नाही.

"काल आले होते. गाडीवर. अंगणात सासूबाई बसलेल्या, हेही होते. दादांनी सगळ्यांसमोर वही काढली. म्हणाले, बघा, माझ्या लेकीनं बारावीत असताना लिहून ठेवलंय, दादांनी विचारलं तर नाही म्हणणार नाही. आता मी विचारतो, दिवाळीला आठ दिवस माहेरी येतीस का? सासूबाईंना पण हसू आलं. म्हणाल्या, जा बाई, आता काय करणार, लिहूनच दिलंयस. मग मी म्हटलं, हो दादा, तेच लिहिलंय."

"ज्ञानेश्वरी, मला माफ कर," मी म्हटलं. "त्यांचं तोंड बघून मला खरं सांगवेना."

"ते ठीक आहे, मॅडम. त्यांना मीही सांगितलं नसतं."

मग ती चालत लांब गेली असावी, घंटांचा आवाज मागे पडला.

"मॅडम, एक विचारू? ते वाक्य तुम्ही तेव्हा वाचलं होतं ना?"

"तपासलं होतं," मी म्हटलं.

"मी ते तुमच्यासाठीच लिहिलं होतं."

ती सांगत गेली. एकदम सपाट आवाजात, एखाद्या दुसऱ्याच मुलीची गोष्ट सांगावी तशी. जानेवारीतल्या एका रविवारी मी जादा तास घेतला होता. ती क्लासहून घरी गेली तेव्हा ओसरीवर पाहुणे बसले होते आणि सुपारी फुटलेली होती. चुलती म्हणाली, सायकल लाव आणि पदर घेऊन पाया पड. तिला वाटलं, कुणाच्या पाया? मग कळलं. त्या रात्री ती आईपाशी रडली. आई म्हणाली, आता शब्द गेलाय. पुढच्या आठवड्यात मी दहा वाक्यं लिहायला सांगितली, मनातली.

"घरात कुणाला इंग्रजी येत नव्हतं," ती म्हणाली. "गावात मला विचारेल असं एकच माणूस मला दिसत होतं, ते तुम्ही. तुम्ही वाचाल, मला थांबवून घ्याल, विचाराल की हे काय लिहिलंस. मग दादांशी बोलाल. दादा तुम्हाला मानायचे, मॅडम. तुम्ही सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी, निदान परीक्षेचा निकाल लागेपर्यंत तरी थांबले असते. वह्या परत दिल्यात त्या दिवशी मी पान उघडलं. वर हॅड होता आणि खाली गुड. मी दोन दिवस क्लास सुटल्यावर पायरीवर बसून राहिले. तुम्ही दुसऱ्या दिवशी म्हणालात, घरी जा गं, अंधार पडेल."

मला ती पायरी आठवली. ती बसलेली मात्र आठवली नाही. कितीतरी मुली बसायच्या तिथे.

माझे वडील कचरू साळवे साखर कारखान्यात गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकायचे. दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "यशोधरा, काय शिकायचं ते तू सांग." माझी आई बनाबाई चूल सोडून ऐकायला आली होती. मी सांगितलं, इंग्रजी. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, नक्की? मग दुसऱ्या दिवशी खाडा करून माझ्याबरोबर कॉलेजात आले. मला वाटायचं, हे असंच असतं. मुलीला विचारतात. पुढे शिकवायला लागले तेव्हा तसं नसतं हे कळायला पाहिजे होतं, आणि कळलंही होतं, पण पेपर तपासताना ते बाजूला राहायचं.

"मॅडम, दादांना सांगू नका आता काही," फोन ठेवताना ज्ञानेश्वरी म्हणाली. "मी जाते दिवाळीला. ओवीला पण बरं वाटेल."

आणि ती गेली. वसुबारसेला काकासाहेबांचा फोन आला. "आली वो मॅडम, आली! आठ दिस हाय. नात नुसती उसाच्या सरीतून पळती, सापडत न्हाई." मागे लहान मुलीचा आवाज येत होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. दोन-तीन दिवस मी स्वतःशीच म्हणत होते की झालं ते झालं, पण माझ्या खोट्याने एक लेक माहेरी आली.

पाडव्याच्या दिवशी दुपारी पुन्हा बेल वाजली. काकासाहेबच होते. या वेळी हातात पिशवी नव्हती, नुसती वही. सणाच्या दिवशी घर सोडून आले होते.

बसले. पाणी नको म्हणाले.

"पान फाटाय लागलं हुतं," ते म्हणाले. "म्हनलं लॅमिनेशन करून घिऊ, भितीला लावू. चौकात झेरॉक्सचं दुकान हाय. तिथं एक पोरगी बसती, कालेज झालेली. तिनं पान वाचलं आन् म्हनली, काका, हे भितीला लावायचंय? मी म्हनलो व्हय, लेकीनं लिवलंय माझ्याबद्दल. ती म्हनली, काका, लावू नका. मी म्हनलो, का? तिनं अर्थ सांगितला." त्यांनी वही मांडीवर घेतली. "मी तिच्यावर वराडलो, मॅडम. म्हनलो, तुला येत न्हाई इंग्लिश, आमच्या मॅडमनी सांगितलंय मला. ती बिचारी गप बसली. मग तिनं मोबाईलचा फोटू धरला त्या वळीवर. मोबाईल बी तेच म्हनला."

मी मान खाली घातली.

"आता तुमी सांगा. कोन खरं?"

"ती मुलगी," मी म्हटलं. "मी खोटं सांगितलं, भाऊ."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही टीपॉयवर उघडून ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

"मला नीट समजून सांगा. एक एक शब्द."

मी सांगायला लागले. इतकी वर्षं मी हा प्रकार शिकवला होता, पण इतक्या सावकाश कधी नाही. ते प्रत्येक शब्दावर बोट ठेवून थांबत होते.

"ह्याच्यात इचारलं कुठं हाय?"

"हे. पण नुसतं 'विचारलं' नव्हे, भाऊ. विचारलं असतं. म्हणजे विचारलं नाही."

"लिवलं तर इचारलं असंच हाय ना?"

"आधी हॅड आहे म्हणून अर्थ बदलतो. हॅड आला की समजायचं, ते घडलेलं नाही."

"आन् नो?"

"नाही म्हणाले असते. विचारलं नाही, म्हणून म्हणता आलं नाही."

"आता इचारलं तर?"

"या वाक्यात 'आता' नाही, भाऊ. हे मागचं आहे."

त्यांनी त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "पाव्हनं आलतं त्या दिशी. ज्ञानू तुमच्याकडं आल्ती. पोरगं निर्व्यसनी, घर चांगलं. थोरला भाऊ म्हनला, देऊन टाकू. मी म्हनलो, ज्ञानूला येऊ द्या. खरंच म्हनलो हुतो, मॅडम, माझ्या तोंडातनं निघालं हुतं. तेवढ्यात चहा आला. कपबशा वाटस्तवर दुसरंच बोलनं निघालं, मग भाऊनं सुपारी मागितली. मी काय बोललो न्हाई. एवढ्या मानसांत काय बोलायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावई वाईट न्हाई. कधी हात उचलला न्हाई तिच्यावर."

"हो. ती पण तक्रार करत नाही."

"मंग ती माझ्याशी बोलत का न्हाई, असं मला वाटायचं."

मग त्यांचं बोट वरच्या बाजूला सरकलं. "हे लाल तुमचं ना?"

"हो."

"म्हंजे ह्याचा अर्थ तुमाला तवा ठाऊक हुता."

"शब्द वाचले होते, भाऊ. चूक सुधारली. ती काय सांगतेय ते माझ्या ध्यानातच आलं नाही. लग्नाला चार महिने होते. मी विचारायला पाहिजे होतं."

वाटलं, आता ते मला बोलतील. तेवढा त्यांचा हक्क होता. ते फक्त म्हणाले, "तुमी वही बगत हुता. मी तर रोज तोंड बगत हुतो तिचं. मला तरी कुठं कळलं?"

दारापर्यंत गेले. चपला घालताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. वही टीपॉयवरच राहिली होती, मी ती द्यायला गेले तर म्हणाले, "र्‍हाऊ द्या तुमच्याकडं." मग पुन्हा विचार बदलला आणि घेऊन गेले.

पुढचं मला ज्ञानेश्वरीने सांगितलं, सासरी परतल्यावर पंधरा-वीस दिवसांनी. फोन मीच केला होता.

निघायच्या दिवशी दुपारी ती विहिरीजवळच्या लिंबाखाली ओवीचे कपडे वाळत घालत होती. काकासाहेब आले आणि बांधावर बसले. पाडव्यापासून ते घरात कुणाशी धड बोलले नव्हते. आईला वाटलं होतं, पित्त झालंय.

"ज्ञानू," ते म्हणाले, "ते वाक्य मला कळलं."

तिच्या हातात ओला फ्रॉक होता. ती तशीच उभी राहिली.

"मॅडमनी सांगितलं?"

"आधी दुकानातल्या पोरीनं. मग मॅडमनी." ते मातीकडे बघत होते. "मी तवा इचारलं न्हाई. चुकलो. आता इचारतो. तुला काय पायजे, ज्ञानू? तिकडं जायचं नसंल तर नको जाऊ. शिकायचं असंल तर शीक. पोरगी हितं राहील, तुझी आई हाय, मी हाय. लोकांचं मी बगतो. तू नुसतं सांग."

"मॅडम," ज्ञानेश्वरी फोनवर म्हणाली, "ते हात जोडून बसले होते. माझ्या वडिलांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. बारावीत असताना मी रोज रात्री ठरवायची, दादांनी विचारलं की असं बोलायचं, तसं बोलायचं. सगळं पाठ केलेलं होतं. आणि ते समोर बसून विचारत होते, तर मला एक शब्द सुचेना."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, दादा, आता नका विचारू. आता मी खरं सांगितलं तर मला परत जाता येणार नाही."

ती पुढे सांगत राहिली.

"आणि परत तर जावं लागणार, मॅडम. ओवीचे बाबा तिकडे आहेत. ते वाईट नाहीत, त्यांचं काय चुकलं? त्यांना तरी कुणी सांगितलं होतं? ओवी रोज संध्याकाळी त्यांची वाट बघत होती दारात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मी काय सांगू दादांना? मग मी ओवीचे कपडे काढले, ओलेच पिशवीत भरले. दादांनी नगरपर्यंत सोडलं. बसमध्ये जागा धरून दिली. खिडकीशी उभे राहिले, बस हलेपर्यंत."

मी तिला म्हटलं, मुक्त विद्यापीठातून घरबसल्या पदवी करता येते, मी फॉर्म भरते, पुस्तकं पाठवते, दर रविवारी फोनवर शिकवते. मी घाईघाईने बोलत होते, जणू ती फोन ठेवेल. तिने सगळं ऐकून घेतलं. "बघू, मॅडम," म्हणाली. "ऑपरेशन होऊ दे."

ऑपरेशन झालं. मी पुन्हा विचारलं. तेव्हा गोठ्यात दोन गायी व्यायल्या होत्या. मग प्रवेशाची मुदत संपली. मी अजून विचारते, तिला त्याचा त्रास होतो का हे मला कळत नाही. ती फोन मात्र उचलते. ओवीचं बोलते, दुधाच्या फॅटचं बोलते. एकदा म्हणाली की तिने आपल्या घरामागच्या तुकड्यातली माती तपासायला पाठवली होती, नत्र कमी निघालं. त्या दिवशी ती थोडी जास्त वेळ बोलली.

"दादा येतात का?" मी परवा विचारलं.

"येतात ना. महिन्यातून एकदा. गाडीवरच, सत्तर किलोमीटर. ओट्यावर बसतात, चहा घेतात, ओवीला पेरू देतात. बोलत नाहीत फारसं. सासूबाई मला म्हणतात, तुझ्या वडिलांना काही कामधंदा नाही का गं?" मागे बादलीत दुधाची धार पडत होती. "निघताना गाडी चालू करतात, मग बंद करतात. तसेच बसून राहतात थोडा वेळ गाडीवर. मला वाटतं आता काही बोलतील. मी दारात थांबते. मग परत किक मारतात आणि जातात."